वेचा आणि शेष

१

संहितेतून एखादा अंश वेगळा काढणे ही साहित्यव्यवहारातील इतकी नित्याची क्रिया आहे, की तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करणेच अनाठायी वाटावे. समीक्षक अवतरण घेतो, संपादक वेचे निवडतो, कोशकार प्रयोग टिपतो, प्रवचनकार एका ओवीवर तासभर बोलतो. या प्रत्येक प्रसंगी संहितेचे दोन भाग पडतात : घेतलेला आणि मागे राहिलेला. घेतलेल्या भागाविषयी, म्हणजे तो नेमका उतरविला आहे काय, त्याचा अर्थ योग्य लावला आहे काय, याविषयी साहित्यविचारात पुष्कळ काटेकोरपणा आढळतो. मागे राहिलेल्या भागाविषयी मात्र कोणी उत्तरदायी असतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वेचणाऱ्याचे शेषाशी काही नाते असते काय, आणि असल्यास ते नैतिक स्वरूपाचे असते काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

माणसाच्या निवडीचा अभ्यास करून या प्रश्नाचे उत्तर मिळविणे कठीण जाते. माणसाच्या निवडीत अभिरुची, स्मरण, पूर्वग्रह आणि घाई यांची इतकी सरमिसळ झालेली असते, की त्याने कोणत्या नियमाने निवडले हे बहुधा त्यालाही सांगता येत नाही. म्हणून जेथे निवडीचा नियम आधीच, पूर्णपणे आणि लेखी स्वरूपात मांडावा लागतो, असे उदाहरण घेणे सोयीचे ठरते. संगणकाच्या व्यवहारात ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ या नावाने ओळखली जाणारी युक्ती हे असे उदाहरण आहे. कोणत्या आकाराचा मजकूर हवा आहे याचे वर्णन काही ठरावीक खुणांच्या साहाय्याने एका ओळीत करावयाचे. मग यंत्र चिन्हांच्या मालिकेवरून आरंभापासून अखेरपर्यंत सरकत जाते आणि त्या वर्णनात बसणारे तुकडे काढून देते. एका खुणेचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा असतो, दुसरीचा ‘आधीचे चिन्ह कितीही वेळा, अथवा एकदाही नाही’ असा असतो. वर्णनाच्या ज्या भागाभोवती कंस घातला असेल, तेवढाच भाग जुळलेल्या तुकड्यातून वेगळा राखून ठेवला जातो. या एकओळी वर्णनासाठी पुढील विवेचनात ‘शोधसूत्र’ हा शब्द वापरला आहे.

२

या युक्तीचा उगम मजकूर शोधण्याच्या गरजेतून झालेला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. १९४३ साली मॅक्युलॉक आणि पिट्स यांनी मज्जापेशींच्या जाळ्याचे एक तर्कशास्त्रीय प्रतिमान मांडले. अशा जाळ्याला कोणत्या घटनामालिका ओळखता येतील, याचा शोध घेताना अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये ‘रेग्युलर’ घटनांची कल्पना विकसित केली. ती १९५६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मर्यादित स्मरण असलेले यंत्र काय ओळखू शकते, असा तो प्रश्न होता. १९६८ साली केन टॉम्पसन यांनी या गणिताचा उपयोग मजकुरातील शोधासाठी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे बेल प्रयोगशाळेत ‘ग्रेप’ नावाची शोध-आज्ञा तयार झाली. १९७३ पर्यंत ती ‘युनिक्स’ प्रणालीत दाखल झालेली होती.

त्या आज्ञेच्या जन्माची जी हकीकत त्याच प्रयोगशाळेतील ब्रायन कर्निगन यांनी सांगितली आहे, ती साहित्याच्या अभ्यासकाला विशेष जवळची वाटेल. ली मॅकमहन या त्यांच्या सहकाऱ्याला ‘फेडरलिस्ट’ निबंधांचा मजकूर तपासावयाचा होता. तो त्या काळच्या संपादन-आज्ञेत मावत नव्हता, म्हणून टॉम्पसन यांनी शोधाचा भाग वेगळा काढून स्वतंत्र आज्ञा लिहून दिली. १७८७-८८ मध्ये ‘पब्लियस’ या एकाच टोपणनावाने प्रसिद्ध झालेले हे ८५ निबंध हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांचे आहेत; त्यांपैकी १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे याविषयी दीर्घकाळ वाद होता. म्हणजे आज जगभर हिशेब, नोंदी आणि नावे चाळण्यासाठी जे साधन वापरले जाते, त्याच्या मुळाशी ‘हे कोणी लिहिले?’ हा वाङ्मयीन प्रश्न होता.

शोधसूत्राचे कार्य कसे चालते, हे मराठीतील एका साध्या कल्पित उदाहरणावरून पाहता येईल. वाङ्मयेतिहासाच्या एखाद्या ग्रंथातून सर्व सनांची यादी हवी आहे, असे समजू. सूत्र सोपे आहे : सलग चार अंक. यंत्र क्षणार्धात यादी देते. तीत १८१८ असते, ‘निबंधमाले’चे १८७४ असते. परंतु ज्ञानेश्वरीच्या ओव्यांची संख्या सुमारे ९००० आहे असे वाक्य ग्रंथात असेल, तर ९००० हाही एक सन म्हणून यादीत येतो. ज्ञानेश्वरीच्या रचनेचे वर्ष एका ठिकाणी शके १२१२ आणि दुसऱ्या ठिकाणी इसवी सन १२९० असे दिलेले असेल, तर एकच वर्ष अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अंतराने दोनदा नोंदले जाते. आणि ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शकाचा जो निर्देश आहे, तो अंकांत नसून शब्दांत असल्यामुळे यादीत येतच नाही. ज्या नोंदीवर इतर सर्व नोंदी आधारलेल्या आहेत, तीच नेमकी निसटते.

सूत्र सुधारता येते. चार अंकांच्या मागे ‘शके’ हा शब्द आहे काय ते पाहावे, पण तो शब्द उचलू नये, अशी अटही त्यात घालता येते. संदर्भाकडे पाहण्याची ही सोय शोधसूत्रात आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र तो संदर्भही आकारापुरताच असतो. अट कडक केली की खोट्या नोंदी गळतात, आणि त्यांच्याबरोबर काही खऱ्याही गळतात. अट सैल केली की खऱ्या नोंदी येतात आणि त्यांच्याबरोबर खोट्याही. ही ओढाताण सूत्रकर्त्याच्या अकौशल्यातून निर्माण होत नाही. आकार आणि अर्थ हे एकमेकांशी काटेकोरपणे जुळत नसल्याने, आकाराच्या वाटेने अर्थाकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ती येते. कोणती चूक पत्करावयाची, हे मग कोणाला तरी ठरवावे लागते. निवड तांत्रिक दिसत असली तरी येथे तिचे स्वरूप नैतिक होते. कारण कोणती गोष्ट गमावली तरी चालेल, याचा तो निर्णय असतो.

३

शेष म्हणजे निरुपयोगी भाग, असे गृहीत धरले तर हा निर्णय फारसा गंभीर वाटणार नाही. पण हे गृहीत टिकत नाही, असे संगणकीय संहिताभ्यासाच्या प्रारंभीच्याच दोन प्रकरणांवरून दिसते.

रोबेर्तो बूसा हे इटलीतील जेझुइट अभ्यासक. सेंट थॉमस अक्वायनस यांच्या लेखनातील ‘उपस्थिती’ या संकल्पनेचा शोध हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांनी प्रथम स्वाभाविकपणे ‘उपस्थित’ आणि ‘उपस्थिती’ या अर्थांचे लॅटिन शब्द शोधले. हे शब्द त्या विचारव्यूहात गौण आहेत आणि अक्वायनस यांची उपस्थितीविषयीची धारणा ‘इन’ या लहानशा शब्दयोगी अव्ययाशी निगडित आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. मग त्यांनी या अव्ययाची सुमारे दहा हजार कार्डे हाताने तयार केली. पुढे १९४९ पासून आयबीएम कंपनीच्या यंत्रांच्या मदतीने त्यांनी जी शब्दसूची उभारली, तिच्यामागे हा अनुभव होता. संकल्पना तिच्या नावाच्या शब्दात राहत नव्हती. ज्याला कोणताही वाचक अर्थवाही म्हणणार नाही, अशा अव्ययात ती राहत होती.

‘फेडरलिस्ट’ निबंधांच्या कर्तृत्वाचा प्रश्न फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात संख्याशास्त्राने हाताळला. त्यांचाही पुरावा अशाच क्षुद्र शब्दांचा होता. ‘अपॉन’ हे अव्यय हॅमिल्टनच्या लेखनात हजार शब्दांमागे सुमारे तीन वेळा येते, मॅडिसनच्या लेखनात क्वचितच. मॅडिसन ‘व्हाइलस्ट’ लिहितो, हॅमिल्टन ‘व्हाइल’. राज्यघटना, कर, सैन्य हे विषय दोघांनाही समान होते. त्यामुळे विषयवाचक शब्दांवरून लेखक ओळखता येत नव्हता. वादग्रस्त निबंध मॅडिसनचे ठरले ते वाचताना डोळ्यांखालून निसटणाऱ्या शब्दांच्या साक्षीने.

या दोन प्रकरणांतून एक गोष्ट निष्पन्न होते. अर्थासाठी वाचणारा माणूस लहान शब्द टाकून देतो. आकारासाठी शोधणारे यंत्र ते टिपू शकते. उलट यंत्राकडून जे सुटते ते माणूस टिपतो. म्हणजे शेष ही संहितेत आधीपासून पडून असलेली वस्तू नव्हे; प्रत्येक वाचनपद्धती आपापला शेष निर्माण करते. एका पद्धतीचा शेष हा दुसऱ्या पद्धतीचा पुरावा असतो. तेव्हा ‘जे जुळले नाही ते नाही’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही एका पद्धतीला पोहोचत नाही.

४

मराठी संहितेवर शोधसूत्र चालविले की या विचाराला आणखी एक परिमाण येते. ‘मन’ हा शब्द शोधावयास सांगितला, तर ‘मनात’ आणि ‘मनाला’ यांच्याबरोबर ‘आगमन’, ‘दमन’ आणि ‘नमन’ हेही हाती येतात. ‘रस’ शोधला तर ‘नीरस’ सापडतो, आणि ‘फारसा’ही. उलट ‘पाणी’ या सूत्राला ‘पाण्यात’ दिसत नाही. ‘पाऊस’ला ‘पावसात’ आणि ‘देऊळ’ला ‘देवळात’ ओळखता येत नाही. मराठी नामाचे सामान्यरूप होताना शब्दाचे अंतरंगच बदलते, आणि वाक्यात नाम बहुधा याच बदललेल्या रूपात वावरते. कोशातील रूप घेऊन शोधणारा अभ्यासक एखाद्या कवितासंग्रहात पाऊस दुर्मीळ आहे असा निष्कर्ष काढू शकेल, आणि तो संग्रह मात्र पावसात भिजलेला असेल. ज्या लहान शब्दांची थोरवी वर पाहिली, त्यांचीही मराठीत हीच गत होते. ‘तोच’, ‘मीच’ यांतील निश्चयार्थक ‘च’ शब्दाला चिकटून येतो. तो वेगळा मागितला तर ‘चहा’ आणि ‘विचार’ही धावून येतात.

याहून मूलभूत अडचण लिपीची आहे. युनिकोड व्यवस्थेत देवनागरीतील मात्रा आणि हलन्तचिन्ह यांना व्यंजनापासून स्वतंत्र स्थान दिलेले आहे. शोधसूत्रांत ‘शब्दातील अक्षर’ या अर्थाची एक तयार खूण असते. जुन्या प्रणालींत तिचा अर्थ रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा एवढाच होता. अनेक ठिकाणी तो अजूनही तेवढाच आहे. पायथॉन या लोकप्रिय संगणकभाषेच्या अंगभूत शोधविभागात ही खूण देवनागरी व्यंजने आणि स्वर ओळखते, पण मात्रा आणि हलन्तचिन्ह यांना अक्षरांत गणत नाही. परिणामी ‘किती’ या शब्दाचे ‘क’ आणि ‘त’ असे दोन तुकडे होतात आणि वेलांट्या शेषात जातात. ‘ॲ’ या मराठीला आवश्यक असलेल्या स्वराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीच्या मजकुरात तो ‘अ’ आणि त्यावरील चिन्ह अशा जोडीने लिहिलेला आढळतो. कागदावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला ती एक वाटत नाहीत.

येथे कोणाच्या दुष्टाव्याचा प्रश्न नाही. ती खूण प्रथम योजणाऱ्यांच्या समोर रोमन लिपी होती, आणि आपल्या समोरची लिपी हीच लिपी असे त्यांनी गृहीत धरले. परंतु नियमात शिरलेले गृहीत हे माणसाच्या मनातील गृहीतापेक्षा अधिक दृढ असते. माणूस अनोळखी अक्षर पाहून थबकतो, विचारतो, शिकतो. नियम थबकत नाही. त्याला अनोळखी असलेली गोष्ट ‘अनोळखी’ म्हणून नोंदली जात नाही. ती ‘नाही’ म्हणून नोंदली जाते. अज्ञान आणि अभाव यांतील भेद पुसला जाणे, हा या पद्धतीतील खरा धोका आहे.

५

यावर एक आक्षेप संभवतो. शोधसूत्र हे केवळ साधन आहे; ते जे सांगितले तेच करते; तेव्हा त्याच्याविषयी नैतिक भाषा वापरणे म्हणजे सुरीला हिंसेचा दोष देण्यासारखे आहे. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. किंबहुना शोधसूत्रात एक दुर्मीळ प्रामाणिकपणा आहे : त्याचा नियम संपूर्णपणे उघडा असतो. एखादा समीक्षक कादंबरीतून पाच उतारे देऊन लेखकाची जीवनदृष्टी सिद्ध करतो, तेव्हा ते पाच उतारे त्याने कोणत्या सूत्राने काढले, याचा उलगडा वाचकाला कधीच होत नाही. सूत्र त्याच्याजवळही असतेच. आपल्या प्रमेयाला जुळते ते घ्यावे, असे ते सूत्र पुष्कळदा असते. यंत्राची निवड आंधळी असेल, पण ती पुन्हा तपासता येते. माणसाची निवड डोळस असेल, पण ती बहुधा तपासता येत नाही. यंत्राला हिणवणाऱ्या साहित्याभ्यासकाने ही तुलना प्रथम स्वतःशी करणे उचित ठरेल.

या शास्त्राच्या परिभाषेतच नीतीच्या शब्दांनी शिरकाव केला आहे, ही गोष्टही सूचक आहे. शोधसूत्रातील ‘कितीही वेळा’ या खुणेच्या नेहमीच्या वर्तनाला ‘लोभी’ असे विशेषण आहे : ती शक्य तितका मोठा तुकडा गिळते. एका ओळीत दोन पात्रांचे संवाद असतील आणि ‘अवतरणचिन्हापासून अवतरणचिन्हापर्यंतचे सर्व घे’ असे सांगितले, तर लोभी सूत्र पहिल्या पात्राच्या आरंभीच्या चिन्हापासून दुसऱ्या पात्राच्या अखेरच्या चिन्हापर्यंत सारे एक करून टाकते. दोघांचे बोलणे, मधले निवेदन, मधला विराम, सर्व एकाच मुखी घातले जाते. त्यावर उपाय आहे. खूण संयत करता येते आणि मग ती पहिल्याच शक्य ठिकाणी थांबते. मात्र तसे ठरवून सांगावे लागते. न सांगता घडते ते लोभाचेच वर्तन.

याच संदर्भात स्मरणाचा मुद्दाही विचारात घ्यावा लागतो. क्लीनी यांच्या अर्थाने शुद्ध असलेल्या शोधसूत्राचे स्मरण मर्यादित असते. त्यामुळे एकात एक शिरलेल्या, कितीही खोलीच्या कंसांच्या जोड्या त्याला जुळविता येत नाहीत. कोणता कंस कोठे उघडला होता, याचा हिशेब ठेवण्यास त्याच्याजवळ जागा नसते. कथेत कथा गुंफणाऱ्या परंपरेतील वाचकाला या मर्यादेचा अर्थ सहज कळेल. महाभारतात सौती ऋषींना सांगतो ते वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेले असते. त्यात संजय धृतराष्ट्राला सांगतो, आणि त्याच्या सांगण्यात कृष्ण अर्जुनाला उपदेश करतो. त्या उपदेशातील एक श्लोक उचलून ‘महाभारत असे म्हणते’ असे जो लिहितो, तो चार कंस उघडे टाकून जातो. मर्यादित स्मरणाची अडचण यंत्रापुरती नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे. अवतरण देणाऱ्या माणसाला स्मरण असते. ते वापरण्याचा कंटाळा त्याला यंत्राच्या पातळीवर आणतो.

६

तेव्हा वेचणे हे मुळातच सदोष मानावयाचे काय? तसे मानले तर कोश, व्याकरण आणि समीक्षा यांपैकी काहीच उरणार नाही. भारतीय भाषाविचारात या प्रश्नाचा एक मार्मिक विचार आढळतो. ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात भर्तृहरी वाक्य अखंड आहे, या पक्षाची मांडणी करतो. पदे, प्रकृती, प्रत्यय हे सर्व त्या अखंडातून बुद्धीने वेगळे काढलेले अंश होत. या काढण्याला ‘अपोद्धार’ अशी संज्ञा आहे. अपोद्धार निषिद्ध नाही. तो शास्त्राचा उपाय आहे आणि त्यावाचून भाषा शिकविता येणार नाही. अट एवढीच, की उपायाला वस्तुस्थिती समजू नये. काढलेला अंश आधीपासून सुटा होता आणि संहिता ही अशा सुट्या अंशांची बेरीज आहे, असे मानणे हाच प्रमाद.

वेदपाठाच्या परंपरेत ही जाणीव प्रत्यक्ष व्यवहारात उतरलेली दिसते. शाकल्याचा ऋग्वेदाचा पदपाठ हा सलग संहितेचे पदांत केलेले विभाजन होय. पण त्याबरोबर संहितापाठही राखला गेला. आणि क्रमपाठात प्रत्येक पद एकदा मागच्या व एकदा पुढच्या पदाशी जोडून म्हटले जाऊ लागले. तोडलेल्या प्रत्येक सांध्याची पुन्हा जोडणी करून पाहण्याचीच ही रीत आहे. शिवाय पदे कोठे तोडली हे उघड असल्यामुळेच यास्काला ‘निरुक्ता’त शाकल्याच्या एका पदच्छेदावर हरकत घेता आली. तोडणे हेही एक वाचनच आहे आणि ते विवाद्य असू शकते, हे त्या हरकतीतून सिद्ध होते.

मराठीपुरते बोलावयाचे तर महानुभाव वाङ्मयाचे उदाहरण याहून बोलके आहे. म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’तून केसोबासाने चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ तयार केला. लीळेमध्ये वचन प्रसंगात असते : कोणी तरी समोर बसलेले असते, काही विचारलेले असते, काही घडलेले असते. सूत्रात हे सर्व गळते आणि वचन सर्वकाळासाठी उच्चारल्यासारखे उभे राहते. त्याने वचनाला बळ येते यात शंका नाही. पाठ करावयाला, आचरावयाला सूत्रच सोयीचे. पण परंपरा तेथे थांबली नाही. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून निघाले, हे सांगणारे ‘प्रकरणवश’ सारखे ग्रंथ तिने निर्माण केले. ज्यांच्या दृष्टीने ही वचने परमेश्वराची होती, त्यांनाही ती प्रसंगावाचून अपुरी वाटली, ही गोष्ट अंतर्मुख करणारी आहे. वेचणाऱ्याने शेषाकडे परत जाण्याची वाट मोकळी ठेवावी, या कर्तव्याचा इतका स्पष्ट स्वीकार अन्यत्र सहसा आढळत नाही.

७

हा सारा विचार ग्रंथांपुरताच असता तर त्याची निकड मर्यादित राहिली असती. परंतु आज चिन्हांची मालिका म्हणून जे यंत्रापुढे येते, त्यात माणसांची नावे, पत्ते, तक्रारी आणि जबाबही असतात. १९९६ साली इंग्लंडमधील स्कन्थॉर्प या गावच्या रहिवाशांना अमेरिकेतील एका मोठ्या संगणक-सेवेत नोंदणी करता येईना. गावाच्या नावात लागोपाठ येणारी काही अक्षरे अश्लील शब्दाशी जुळत होती आणि गाळणीला गाव दिसत नव्हते. ‘आगमन’मध्ये ‘मन’ सापडण्याचाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे शेषात पडले ते शब्द नसून माणसे होती. वसई-गोव्याकडील ‘डिसोझा’ हे आडनाव रोमन लिपीत पुष्कळदा पहिल्या अक्षरानंतर अपॉस्ट्रॉफीचे चिन्ह देऊन लिहिले जाते. ‘नावात केवळ अक्षरे असतात’ अशी समजूत असलेले सूत्र ते नाव चुकीचे ठरविते. ज्याला एकच नाव आहे आणि आडनाव नाही, त्याचीही तीच गत होते. अशा वेळी त्या माणसाला आपल्या नावात फेरफार करून सूत्राला जुळते व्हावे लागते. संहितेसाठी सूत्र असते. येथे सूत्रासाठी संहिता बदलते.

याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही, कारण त्याने काही ठरविलेले नाही. आणि ज्याने सूत्र लिहिले तो बहुधा अनुपस्थित असतो. नियम एकदा लिहिला जातो आणि अनंत वेळा चालतो. त्यामुळे लिहिणाऱ्याच्या मनात क्षणभर आलेली बेफिकिरी पुढे कायमची होऊन बसते. माणसाने प्रत्यक्ष निवड केली असती, तर नाकारलेल्या प्रत्येक गोष्टीशी त्याची क्षणभर तरी गाठ पडली असती. सूत्र ही गाठ टाळते. न जुळलेल्याला न पाहताच बाजूला सारण्याची सोय हीच त्याची शक्ती आहे, आणि नैतिक प्रश्नही तेथेच उद्भवतो.

म्हणून सूत्राने वेचणाऱ्यावर दोन बंधने येतात, असे म्हणता येईल. एक, त्याने आपले सूत्र वेच्याबरोबर द्यावे. ‘एवढे सापडले’ हे विधान ‘असे शोधले’ या विधानावाचून अपुरे आहे, मग शोधणारे यंत्र असो वा समीक्षक. दुसरे बंधन अधिक कष्टाचे आहे. जे जुळले नाही, त्यातील काही भाग तरी त्याने स्वतः, सूत्र बाजूला ठेवून, वाचावा. संपूर्ण शेष वाचणे अशक्य आहे; ते शक्य असते तर सूत्राची गरजच नव्हती. पण मूठभर ओळी वाचणे शक्य असते. त्या ओळींतच ‘पावसात’ भेटतो, शब्दांत लिहिलेला शक भेटतो, आणि अपॉस्ट्रॉफी असलेले आडनाव भेटते. तपासणीचा हा भाग जुळलेल्या ओळी पुन्हा पुन्हा पाहून भरून निघत नाही. जुळलेल्या ओळी सूत्राच्या बाजूनेच साक्ष देतात.

वेचा देणारा वाचकाला काही तरी देत असतो आणि त्याच वेळी काही तरी अडवून ठेवत असतो. हे अडवणे अपरिहार्य आहे, एवढ्यावरून ते निर्दोष ठरत नाही. आपण काय मागे ठेवले याची चौकशी करावयास वेचणारा परत गेला होता की नाही, हा प्रश्न कोणत्याही वेच्याला विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे.